मूठ वळायला किती वेळ लागतो?

आमवात, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, लवकर कसा ओळखायचा याची मार्गदर्शिका आम्ही काही जण करत होतो. तिच्यातल्या एका विधानाला पहिल्या फेरीत मी नऊ दिले होते. एक ते नऊच्या पट्टीवर नऊ म्हणजे पूर्ण सहमत. विधान होतं: 'गावोगावी शिबिरं घेऊन पस्तिशीपुढच्या सगळ्या बायकांची आरए फॅक्टरची रक्ततपासणी करावी.' (आरए फॅक्टर म्हणजे आमवाताची रक्तात शोधतात ती एक खूण.) चिठ्ठीवर नाव घालायचं नव्हतं, पण माझा नऊ शाळेतल्या सवयीने एवढा ठसठशीत निघाला की शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी न बघताही ओळखला असता. तिसऱ्या फेरीत त्याच विधानाला मी दोन दिले. नऊचे दोन कसे झाले ते आज लिहिते.

मी सांगलीत गावभागात राहते. तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं, एसटीने ये-जा केली, २०२२ ला निवृत्त झाले. डॉक्टर नाही. आजारी आहे, म्हणून मला तिथे बोलावलं होतं.

२०१२ च्या दिवाळीत करंज्यांना मुरड घालताना बोटं ऐकेनात. तोवर मुरड ही माझी शान होती, सासूबाईसुद्धा नावं ठेवायच्या नाहीत. त्या वर्षी कातण्याने कापून मोकळी झाले. मग खडू धरायला त्रास होऊ लागला. सकाळच्या पहिल्या तासाला फळ्यावर वर्तुळ काढलं की ते बटाट्यासारखं यायचं, आणि दुपारच्या तासाला बरं यायचं. मुलं हसायची, मीही हसायचे. सकाळी वाईट आणि दुपारी बरं, ही खूण चौदा महिने फळ्यावर रोज दिसत होती आणि ती कुणीच वाचली नाही. मीही नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे गेले त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला. "संधिवात नाही, बाई. वयाचं आहे. कॅल्शियम घ्या." कागदावर निगेटिव्ह छापलंय म्हटल्यावर गणिताच्या बाईने वाद कशाला घालायचा? मग एक इंजेक्शन मिळालं आणि पंधरा दिवस स्वर्ग. सूज पुन्हा आली की पुन्हा इंजेक्शन. ते स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं. २०१४ च्या जानेवारीत पुतण्याने हट्टाने संधिवाततज्ज्ञाकडे नेलं. त्या डॉक्टरांनी फाईल उघडलीच नाही. आधी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बोटांच्या मुळाशी एकेक सांधा अंगठ्याने चाचपला. उजव्या मनगटाच्या हाडांची झीज तोवर होऊन गेली होती. ते मनगट आज पुरतं वाकत नाही. नमस्कार करताना माझे हात थोडे तिरके जुळतात.

(ती फाईल २०१९ च्या पुरात भिजली. एक्स-रे वाळवून ठेवलेत, पण एकावर कृष्णामाईने असा डाग पाडलाय की तज्ज्ञसुद्धा आधी तिकडेच बघतात.)

तर, माझा एक जुना विद्यार्थी आता मिरजेत डॉक्टर आहे. नववीत बैजिक राशींपुढे रडकुंडीला यायचा. त्याचा फोन आला. "बाई, आम्ही काही जण मिळून जिल्ह्यासाठी एक मार्गदर्शिका करतोय. आमवाताचा पेशंट लवकर कसा हुडकायचा, त्याबद्दल. त्यात पेशंटचं माणूस पाहिजे. तुम्ही याच."

"अरे, मी काय बोलणार तिथे?"

"तुम्ही गप्प बसला होता असं मला तरी आठवत नाही, बाई."

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगाच नाही. १८९४ सालचं मिशन हॉस्पिटल तिथलंच, आणि चहाच्या टपरीवरही लोक एकमेकांना रिपोर्ट दाखवत बसलेले असतात. रविवारी सकाळी जमायचो. अकरा जण होतो: दोन संधिवाततज्ज्ञ, चार गावाकडे प्रॅक्टिस करणारे, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई, एक फिजिओथेरपिस्ट, एक लॅबवाले, जतच्या पूर्व भागातल्या संखकडची एक आशाताई, आणि मी. पोहे दर वेळी गार.

पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून एक कागद भरून घेतला. या विषयात तुमचा काही आर्थिक संबंध आहे का? मला वाटलं, औपचारिकता. लॅबवाल्यांनी मात्र सरळ लिहिलं, 'मी सांधेदुखीचं पॅकेज विकतो', आणि रक्ततपासणीच्या विधानांवर आपण चर्चा करू पण मत देणार नाही असं सांगून टाकलं. त्या माणसाबद्दल माझं मत त्या क्षणी चांगलं झालं आणि तसंच राहिलंय.

माझ्या नऊला कारण होतं. माझा आजार उशिरा सापडला, तर इतर बायकांचा लवकर सापडावा, आणि लवकर सापडायचा तर सगळ्यांचं रक्त तपासावं. किती सरळ! आमच्या आमदारांनाही ते आवडलं असतं. शिबिर म्हटलं की मांडव येतो, फलक येतो, फोटो येतो. दोघा तज्ज्ञांपैकी धाकटी, तिशीतली मुलगी, माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बाई, फळा इथे आहे. तुम्हीच सोडवा."

तिने आकडे दिले, मी मांडले. प्रौढ माणसं दहा हजार. आमवात किती जणांना? पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूने १९९६ पासून घरोघर जाऊन पाहणी केली होती, तिच्यात हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. म्हणजे पन्नास माणसं. आरए फॅक्टर यातल्या साधारण सत्तर टक्क्यांना पकडतो, म्हणजे पस्तीस. इथवर मी खुशीत होते. मग ती म्हणाली, आता उरलेले नऊ हजार नऊशे पन्नास घ्या. धडधाकट माणसांतही शंभरात पाचेक जणांचा आरए पॉझिटिव्ह येतो, वय वाढलं की आणखी, आणि काविळीचा सी विषाणू, क्षय असले दुसरे आजार असले तरीही येतो. पाच टक्केच धरा. मी धरले. सुमारे पाचशे.

खडू हातात धरून मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. पॉझिटिव्ह एकूण पाचशे पस्तीस, त्यात खरे पस्तीस. पंधरांत एक. उरलेल्या चौदा जणी घरी जाऊन रडणार, सोसायटीचं कर्ज काढणार, कुणाच्या तरी सांगण्यावरून पुड्या खाणार. आणि खऱ्या पन्नासांतल्या पंधरा निगेटिव्हचा कागद घेऊन निर्धास्त परत जाणार. त्या पंधरांत मी होते.

हे गणित नववीचं आहे. मी ते अठ्ठावीस वर्षं लाल-निळ्या चेंडूंवर शिकवलं, स्वतःच्या रक्तावर कधी मांडून पाहिलं नाही.

चौदांतली एक तर माझ्या समोरच्याच घरात राहते. काकू सत्तरीच्या. बोटांच्या अगदी टोकाच्या सांध्यांवर टणक गाठी, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या. कुठल्याशा पॅकेजात आरए पॉझिटिव्ह आला आणि काकूंनी अंथरूणच धरलं. दही बंद, ताक बंद, चिंच बंद, लेकीकडे जाणं बंद. दोन वर्षं. मी त्यांना त्या मुलीकडे घेऊन गेले. तिने गाठी चाचपल्या आणि म्हणाली, "काकू, ही वयाने होणारी झीज आहे. आमवात सहसा या टोकाच्या सांध्याला हात लावत नाही. तो मुळाशी येतो, मनगटात येतो, आणि सूज मऊ असते. दाबलं तर द्राक्षाच्या मण्यासारखी लागते." काकूंनी त्याच संध्याकाळी ताक घुसळलं. मला तांब्याभर आणून दिलं, वर मीठ-जिरं.

म्हणजे एकाच तपासणीने समोरासमोरच्या दोन घरांत दोन उलट चुका केल्या होत्या. दोष त्या तपासणीचा नव्हता. ती कुणाची करायची हे कुणी ठरवलेलं नव्हतं. तीच तपासणी बोटांच्या मुळाशी सहा आठवडे सूज असलेल्यांचीच केली तर? पुन्हा फळ्याकडे गेले. धरा, अशा शंभर जणींत चाळिसांना खरा आजार आहे. अठ्ठावीस सापडतात, आणि उरलेल्या साठांतल्या तिघी उगाच पॉझिटिव्ह येतात. एकतिसांत अठ्ठावीस खरे! चाळण तीच, फक्त तिच्यात काय ओतायचं ते बदललं. आमच्याकडे बेदाणा निवडणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगायला लागत नाही. देठ-काडी आधी हाताने काढून मगच ती माल जाळीवर घेते. आणि तरीही बारा निसटतातच. म्हणून मार्गदर्शिकेत एक वाक्य मी हट्टाने ठळक छापून घेतलं: 'सूज असेल तर रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी पाठवा.' ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेतही याच अर्थाची सूचना आहे हे मला मागाहून कळलं. मला ती मनगटाने शिकवली होती.

शिबिराचा विषय तरी सुटेना. एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, निदान ज्यांचा अँटी-सीसीपी (आमवाताचीच दुसरी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आहे पण सूज नाही, अशांना तरी आधीच हुडकून औषध सुरू करू. अँटी-सीसीपी आरएपेक्षा नेमका, हे खरंच. सूज यायच्या कित्येक वर्षं आधी तो रक्तात दिसू शकतो, हेही खरं. पण हुडकून करायचं काय? नेदरलँड्समध्ये, लायडनला, नुसते सांधे दुखणाऱ्या आणि आजाराकडे झुकलेल्या लोकांना वर्षभर मेथोट्रेक्झेट, म्हणजे आमवाताचं नेहमीचं औषध, देऊन पाहिलं. २०२२ ला निकाल आला. त्रास कमी झाला, पण आजार टळला नाही. २०२४ ला दुसऱ्या एका महाग औषधाच्या चाचण्या आल्या. आजार लांबला, पण औषध थांबवल्यावर फरक ओसरत गेला. मग गावातल्या धडधाकट बाईला 'तुला पुढेमागे होईल बरं का' एवढं सांगून घरी पाठवायचं?

यावर त्या मुलीने एक जुना कागद काढला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर या दोघांनी १९६८ साली लिहिलेले, चाळणीतपासणी (तक्रार नसलेल्यांचीही सरसकट तपासणी, स्क्रीनिंग) कधी करावी याचे दहा नियम. दहाही इथे देत नाही. एक नियम असा की सापडलेल्याला मान्य उपचार हवा आणि तो मिळायची सोय हवी. आणि दहावा मी वहीत उतरवून घेतला: रुग्ण शोधणं हे सतत चालणारं काम आहे, एकदाच उरकून टाकायचा कार्यक्रम नाही. माझ्या जन्माच्या आसपासचा हा कागद. आणि आम्ही अजून मांडववाल्याला ॲडव्हान्स देतोय.

भिगवणची गोष्टही मला तेव्हाच नीट कळली. ते गाव मला रोहित पक्ष्यांमुळे ठाऊक होतं, आमची सहलही गेली होती उजनीवर. तिथल्या पाहणीची पद्धत म्हणजे आधी घरोघरी माणसं जातात आणि प्रश्न विचारतात. दुखतंय म्हणणाऱ्यांना पुढचे प्रश्न. मग डॉक्टर हात लावून बघतात. रक्त त्यानंतर. ती पद्धत पाहणीसाठी होती, आमची रुग्ण पुढे पाठवण्यासाठी, पण क्रम मला तोच हवा होता. आधी तोंड, मग हात, मग सुई.

मग सगळं आलं प्रश्नांवर, आणि इथे डॉक्टरांचं घोडं अडलं. इंग्रजी प्रश्नावलीतल्या 'सकाळचा ताठरपणा'चं काय करायचं? पहिल्या मसुद्यात 'सकाळी सांध्यांमध्ये कडकपणा जाणवतो का?' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, कडकपणा शिस्तीत असतो, नाहीतर भाकरीत. बाई म्हणते 'हात धरलाय', 'बोटं आखडलीत', 'मूठ वळत नाही'. आशाताईने भर घातली की त्यांच्या भागात निम्म्या बायका कानडी बोलतात आणि त्याही 'हिडकोंडैती' म्हणतात, म्हणजे धरलंय. भाषा दोन, पण दुखणं दोन्हीत धरतंच.

दुसरा घोळ वेळेचा. २००२ साली काही तज्ज्ञांनी तीन खुणा मांडल्या होत्या: तीन किंवा जास्त सांध्यांना सूज, हाताच्या किंवा पायाच्या बोटांच्या मुळाशी आडवं दाबल्यावर कळ, आणि सकाळचं आखडणं अर्धा तास किंवा त्याहून जास्त. यातली एकही असली तरी लवकर पाठवा. आता हा अर्धा तास विचारायचा कसा? डिसेंबरात आम्ही मणेराजुरीकडच्या एका द्राक्षबागेत थिनिंगच्या टोळीला हे प्रश्न विचारून बघायला गेलो. सतरा बायका मांडवाखाली हात वर करून मणी विरळ करत होत्या. मी विचारलं, "सकाळी हात किती वेळ आखडलेला असतो?"

"दिसभर बगा."

"तसं न्हवं वो, उठल्या उठल्या."

"उठल्यावर कुठं टाईम बघतोय आम्ही?"

सतराच्या सतरा म्हणाल्या हात दुखतो. दुखणारच. दिवसाला हजारो वेळा कात्री उघडझाप करून हात दुखला नाही तरच नवल. मुकादम लांबून घड्याळ बघत होता. तेव्हा आशाताईने मला बाजूला घेतलं. "बाई, घड्याळ नका विचारू. सकाळची पहिली भाकरी कोण थापतं ते विचारा."

तिनेच विचारलं. पंधरा जणी म्हणाल्या, आम्हीच की, दुसरं कोण. एक म्हणाली सून थापते, पण ती सासूपणाची मिजास होती, सगळ्या खो-खो हसल्या. आणि एक, पस्तीस-छत्तिशीची, हळूच म्हणाली, "पोरगी थापती. माज्याच्यानं पीठ मळायला होत न्हाई. पोरं शाळंला गेली की मग हात सुटतो." पोरगी सातवीत. तिचे हात मी बघितले. उजव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी दोन टेंगळांमधली घळ बुजलेली होती. मूठ आवळली की निरोगी हाताच्या मागे डोंगर-दरी-डोंगर दिसतं. तिथे सपाट पठार. बोटांच्या मुळांवर आडवा हात धरून, हस्तांदोलनाला धरतात तसं हलकंच दाबलं. तिने हात ओढून घेतला नाही. फक्त बोलायची थांबली.

बागेतल्या कामाने हात दुखणं आणि हे, यात फरक करायला आम्ही तिथेच दोन प्रश्न जोडले. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? कामाचं दुखणं विश्रांतीने उतरतं, आमवात विश्रांतीनंतरच धरतो. आणि सुरू व्हायच्या आधी ताप येऊन गेला का? चिकुनगुनियाची २००६ ची साथ ज्यांनी पाहिली त्यांना हा प्रश्न समजावायला नको. तापानंतर महिना-दोन महिने सांधे हुबेहूब आमवातासारखे सुजायचे आणि बऱ्याच जणांचे आपोआप उतरायचे. म्हणूनही ती सहा आठवड्यांची अट.

यानंतरच्या बैठकीत सगळ्यात मोठं भांडण झालं ते स्टेरॉइडवर. मसुद्यात होतं, 'तज्ज्ञाने पाहण्याआधी स्टेरॉइड देऊ नये.' कारण सूज दबते, बघणाऱ्याला हात साफ दिसतो आणि निदान पुढे जातं. माझे पंधरा दिवसांचे स्वर्ग असेच गेले. पण गावाकडचे एक डॉक्टर उसळलेच. "माणूस विव्हळत दारात येतो. त्याला हात हलवत परत पाठवू? तो पुढच्या गल्लीत जाऊन तेच इंजेक्शन घेईल." खोटं नव्हतं. मीही पुढच्या गल्लीत गेलेच होते की.

मग पुरावा काय आहे ते बघितलं. यासाठी 'ग्रेड' नावाची एक पद्धत असते. पुराव्याची खात्री चार पायऱ्यांत मोजतात: उच्च, मध्यम, कमी, अतिशय कमी. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली चाचणी वरून सुरू होते, नुसतं निरीक्षण खालून. 'माझ्या तीस वर्षांच्या अनुभवात' या वाक्याला त्या शिडीवर जागा नसते. ते ऐकून दोन चेहरे पडले. स्टेरॉइडच्या मुद्द्याला उच्च खात्रीचा पुरावा आमच्यासमोर नव्हता. मला वाटलं, आता विधान गळणार. पण पुरावा किती भक्कम आणि शिफारस किती ठाम, या दोन गोष्टी वेगळ्या धरतात हे तेव्हा शिकले. शिफारस सशर्त ठेवली. साधी वेदनाशामकं द्या, मूत्रपिंड, रक्तदाब आणि पित्त बघून. स्टेरॉइड टाळा. द्यावंच लागलं तर चिठ्ठीवर तारीख आणि मात्रा लिहा, लपवू नका. त्या डॉक्टरांनी सात दिले. त्यांचे सात म्हणजे माझे अकरा.

एकाने २०१० च्या आंतरराष्ट्रीय निकषांची दहा गुणांची पट्टी आणली होती. सांधे, रक्तातल्या खुणा, रक्तात दिसणारा दाह, कालावधी, सगळ्याचे गुण मिळून सहा झाले की आमवात. गुणपत्रिका म्हटल्यावर मी लगेच बाजूने! पण ती पट्टी संशोधनासाठी रुग्णांचं वर्गीकरण करायला केलेली, गावात कुणाला पाठवायचं ते ठरवायला नाही, असं म्हणून थोरल्या तज्ज्ञांनी ती बाजूला ठेवली. आशाताईच्या हातात शेवटी एकच कागद द्यायचा होता. एका बाजूला प्रश्न मराठीत, दुसऱ्या बाजूला कानडीत, खाली हाताचं चित्र.

त्या चित्रावर फिजिओबाई आणि मी तीन आठवडे घातले. पहिल्या चित्रातला हात गोरा, लांबसडक, नखं रंगवलेला होता. कुणाचा होता कोण जाणे. शेवटी थिनिंगवाल्या एका बाईच्या परवानगीने तिच्या हाताचं रेखाटन केलं, चिरांसकट.

मग तिसरी फेरी झाली आणि मी दोन दिले. विधान पडलं. त्याच्या जागी जे आलं त्यात शिबिर नाही, फोटो नाही. आशाताई महिनाभर घरोघरी जातेच, तेव्हा भाकरीचं विचारायचं, हात बघायचा, शंका आली तर आरोग्य केंद्राला चिठ्ठी. तिथे डॉक्टरांनी सूज चाचपायची, मगच रक्त, मगच मिरज.

राहिला प्रश्न मिरजेचा. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१६ च्या शिफारशी सांगतात की लक्षणं सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत रुग्णाने संधिवाततज्ज्ञाला दाखवावं, आणि ज्यांचा आजार टिकून राहण्याचा धोका आहे त्यांची आजारालाच आवर घालणारी औषधं तीन महिन्यांच्या आत सुरू व्हावीत. सहा आठवडे! आमच्या अटीत तर सूज सहा आठवडे असायला हवी तेव्हा चिठ्ठी. मी बोट ठेवलं आणि खोलीत शांतता पसरली. शेवटी अट दोन भागांत मोडली. सूज दिसली की आरोग्य केंद्रात लगेच, तिथे थांबायचं नाही. सहा आठवड्यांची मोजणी ज्यांना नुसतं दुखतंय, सूज नाही, त्यांच्यासाठीच. आणि संखहून मिरजेला यायचं म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते, भाडं वेगळं. बाई एकदा येईल. आल्यावर 'पुढच्या महिन्यातली तारीख घ्या' म्हटलं तर पुन्हा येणार नाही. धाकट्या तज्ज्ञ मुलीने दर गुरुवारच्या ओपीडीत दोन जागा अशा चिठ्ठ्यांसाठी राखायचं कबूल केलं. दोनच. मी चार मागितल्या. ती म्हणाली, "बाई, दोन भरून दाखवा, मग चार मागा." शिक्षिका मी की ती?

मार्गदर्शिकेच्या शेवटी तिची मुदतही छापलीय. दोन वर्षांनी सगळा पुरावा पुन्हा बघायचा. नवं काही निघालं तर माझे दोन पुन्हा नऊ होऊ शकतात, हे मी वहीत लिहून ठेवलंय. मला आवडो न आवडो.

पहिला गुरुवार गेल्या आठवड्यात झाला. मी मुद्दाम जाऊन बसले. सकाळी मेथोट्रेक्झेटच्या डबीवरचा 'रविवार' पुन्हा एकदा वाचून खात्री केली होती, आठवड्यातून एकदाच घ्यायची ती गोळी, रोज घेतली तर जिवावर बेतते. प्रवासाच्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नसतं म्हणून ही सवय. चिठ्ठ्या दोन होत्या. एक बाई कवठेमहांकाळकडची, नवऱ्याबरोबर आली, नऊच्या आधीच. तिला तपासलं, रक्त घेतलं, औषध लिहिलं, आणि 'मूल हवंय का, कधी' हे औषध लिहायच्या आधी विचारलं, कारण मेथोट्रेक्झेट गरोदरपणात चालत नाही. नवरा लाजला, ती नाही.

दुसरी बागेतलीच, सातवीतल्या पोरीची आई. डिसेंबरात तिला आम्ही तोंडी सांगितलं होतं, तेव्हा ती गेली नव्हती. आता रीतसर चिठ्ठी होती. बारा वाजले, एक वाजला. आशाताईला फोन लावला.

"बाई, परत थिनिंग चालू झालंय. खाडा परवडत न्हाई म्हणती. पोरगीच थापती अजून."

पुढच्या गुरुवारी एक जागा तिच्याच नावाने ठेवायला सांगितलीय. आणि मुकादमाचा नंबर घेतलाय. तो माझ्याच शाळेचा निघाला, दहावी ब. आज रात्री फोन करते.